सायन्स घेतलं की सगळी दारं उघडी?

दहावीचा निकाल लागला की लातूर-नांदेडच्या घराघरांत एकच वाक्य ऐकू येतं: ‘सायन्स घे, नंतर कुठंही जाता येतं, आर्ट्स घेतलंस तर कलेक्टर कसा होशील?’ हे खरं नाही. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते, मराठी साहित्य वैकल्पिक विषय म्हणून घेता येतं. जालना जिल्ह्यातल्या अन्सार शेख यांनी राज्यशास्त्रात बी.ए. करून २०१५च्या परीक्षेत ३६१वा क्रमांक मिळवला. वकिलीला आणि बँकेच्या पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) परीक्षेलाही शाखेची अट नाही.

खरी अट असते ती विषयांची, आणि नेमकं तेच कुणी सांगत नाही. पोरगं जीवशास्त्राच्या नादात गणित सोडतं. मग एनडीएचा (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा) फॉर्म भरताना कळतं, की भूदलाला बारावीची कुठलीही शाखा चालते, पण हवाई दल आणि नौदलाला भौतिक, रसायन आणि गणित लागतं. भारतीय वनसेवेला मात्र कोणतीही पदवी चालेल असं नाही, वनस्पतिशास्त्र, कृषी, अभियांत्रिकी अशा ठरावीक विषयांतली पदवीच लागते. म्हणून अकरावीचा फॉर्म भरण्याआधी हव्या त्या परीक्षेची जाहिरात काढा आणि ‘शैक्षणिक पात्रता’ हा रकाना मुलासोबत बसून वाचा.