समुद्रतळाखालचे सूक्ष्मजीव : पंचवीस फुटांपासून अडीच किलोमीटरपर्यंत

महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यातल्या विहिरीला पंचवीस फुटांवर पाणी लागलं, तर नागपुरात कोणाला नवल वाटत नाही. १९५५ साली समुद्रतळाखालच्या जीवसृष्टीची हद्द जवळपास एवढ्याच खोलीवर आखली गेली होती. रिचर्ड मोरिटा आणि क्लॉड झोबेल यांनी पॅसिफिकच्या तळाची लाल चिकणमाती तपासली, ७.४७ मीटरखाली त्यांना एकही जिवंत जीवाणू वाढवता आला नाही, आणि जीवावरण इथेच संपतं असं त्यांनी मांडलं. आज ही हद्द अडीच किलोमीटरच्या आसपास आहे. चूक त्यांच्या कष्टांत नव्हती, पद्धतीत होती. खोल गाळातले बहुतेक जीव प्रयोगशाळेतल्या पौष्टिक रश्शात वाढतच नाहीत, अनेकांना ऑक्सिजनचा स्पर्श सोसत नाही, आणि काहींच्या एका पेशीच्या दोन व्हायला शेकडो वर्षं लागू शकतात. बशीत काही उगवलं नाही म्हणजे तिथे काही नव्हतं, असं होत नाही.

उलट बाजूची शंकाही तेवढीच जुनी आहे. १९२६ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या एडसन बॅस्टिन यांनी तेलविहिरींच्या पाण्यात सल्फेटवर जगणारे जीवाणू दाखवले. ते खोदकामाबरोबर वरून गेले असणार, असं म्हणून अनेकांनी विषय मिटवला. बॅस्टिन यांच्याकडे त्यावर ठोस उत्तर नव्हतं. या विषयाचा पुढचा सगळा प्रवास त्या उत्तराच्या शोधातच झाला, असं आमचं मत आहे.

लोकांच्या ओळखीची कथा मात्र १९७७ ची. मध्यसागरी डोंगररांगांवर मोजलेली उष्णता हिशेबापेक्षा कमी भरत होती. उरलेली उष्णता भेगांतून फिरणारं पाणी वाहून नेत असलं पाहिजे, असा भूशास्त्रज्ञांचा तर्क होता. ते पाणी शोधायला पॅसिफिकमधल्या गॅलापागोस रिफ्ट या समुद्रतळावरच्या भेगेवर सुमारे २,५०० मीटर खोलीवर अँगस नावाचा कॅमेऱ्याचा सांगाडा ओढत नेला. त्याच्या तापमापीवर क्षणभर पारा चढला. सुमारे ३,००० फोटोंपैकी नेमक्या त्या वेळच्या १३ फोटोंत शिंपल्यांची दाटी होती. ॲल्विन पाणबुडी खाली उतरली, पाण्याचे नमुने वर आले, बाटल्या उघडल्या आणि कुजक्या अंड्याचा वास सुटला : हायड्रोजन सल्फाइड. जहाजावर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता. फॉर्मॅलिन जेमतेम होतं, त्यामुळे काही प्राणी पनामात घेतलेल्या व्होडकात बुडवून आणावे लागले. १९७९ मध्ये पूर्व पॅसिफिक रांगेवर काळा धूर ओकणारी धुराडी दिसली. तापमापीचा प्लास्टिकचा दांडा तिथे वितळला, कारण पाणी ३५० अंशांच्या पुढे होतं. वरच्या पाण्याच्या दाबामुळे ते उकळत नाही.

तोंड आणि आतडं नसलेले मोठे नळीकृमी खातात काय, हे कोलीन कॅव्हानॉ यांच्या १९८१ च्या शोधनिबंधाने उलगडलं. या कृमींच्या शरीरातल्या स्पंजासारख्या ऊतीत जीवाणू ठासून भरलेले असतात. ते सल्फाइडचं ऑक्सिडीकरण करून ऊर्जा मिळवतात आणि तिच्यावर कार्बन डायऑक्साइडचं अन्न बनवतात. सूर्याशी अजिबात संबंध नसलेलं जीवन म्हणून याचं वर्णन अजूनही केलं जातं. ते बरोबर नाही. सल्फाइड जाळायला लागणारा ऑक्सिजन वरच्या प्रकाशसंश्लेषणातूनच येतो. सूर्याविना चालणारे जीव म्हणजे खडकातून निघणारा हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून मिथेन बनवणारे आर्किया, म्हणजे जीवाणूंसारखेच दिसणारे पण वेगळ्या कुळातले एकपेशी जीव.

उष्णतेची हद्दही अशीच सरकत गेली. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, १२१ अंशांवर १५ मिनिटं ठेवलं की सगळं निर्जंतुक झालं असं प्रयोगशाळांत धरतात. २००३ मध्ये वर्णन झालेला ‘स्ट्रेन १२१’ हा सूक्ष्मजीव त्याच तापमानात वाढत राहिला. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी खोल समुद्रातल्या दाबाची नक्कल करून मिथेन बनवणारा एक आर्किया १२२ अंशांवर वाढवला. तो मध्य हिंद महासागरी रांगेवरच्या कैरेई या उष्ण झऱ्यातला होता.

धुराड्यांचे फोटो लोकांना आवडतात, पण आकड्यांच्या दृष्टीने मोठं घबाड साध्या गाळात आहे, आणि ते सिद्ध करणं जास्त कठीण आहे. बोअर मारल्यावर पहिल्या तासाचं गढूळ पाणी कोणी तपासायला देत नाही, कारण त्यात वरची माती आणि मशीनचं ग्रीस असतं. समुद्रात अडचण याहून वाईट. खोदताना छिद्रात सोडलेल्या समुद्राच्या पाण्यात दर मिलिलिटरला लाखांच्या घरात पेशी असतात. खोल गाळात घनसेंटिमीटरमागे शंभरच पेशी असतील, तर त्या पाण्याच्या एका मिलिलिटरचा हजारावा भाग आत झिरपला तरी मोजणी निकामी होते.

म्हणून आता खोदकामाच्या पाण्यात परफ्लुरोकार्बन हे मागखूण देणारं रसायन कणभर मिसळतात. ते गॅस क्रोमॅटोग्राफ या वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर अत्यल्प प्रमाणातही पकडलं जातं. शिवाय अर्ध्या मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चमकणारे मणी पिशवीत भरून गाळ काढणाऱ्या नळीच्या तोंडाशी बांधतात. गाळ आत शिरताना पिशवी फाटते आणि मणी पसरतात. मण्यांचा आकार जीवाणूएवढा असल्याने ते जिथे पोहोचले तिथे बाहेरचा जीवाणूही पोहोचला असेल असं मानतात. मऊ गाळात साडेनऊ मीटरची नळी पिस्टनने एका दमात ठोकतात. फिरत्या बिटापेक्षा तिच्यात बाहेरचं पाणी कमी शिरतं. नळीत भरून वर आलेल्या गाळाच्या दांड्याची, म्हणजे गाभ्याची, बाहेरची कड टाकून देतात, आणि टोक कापलेली निर्जंतुक सिरिंज मधोमध खुपसून नमुना घेतात. कडेला आणि मध्ये रसायन किती आहे हे दोन्हीकडे मोजतात. मध्येही ते सापडलं तर तो नमुना बाद.

मोजणीतही फसगत होते. पेशी रंगवून ०.२ मायक्रॉनच्या गाळणीवर मोजायच्या, तर चिकणमातीचे कणही चमकतात आणि पेशी त्यांना चिकटून बसतात. त्यासाठी पेशी आधी मातीपासून सोडवून घ्याव्या लागतात.

१९९४ मध्ये जॉन पार्क्स आणि सहकाऱ्यांनी पॅसिफिकच्या तळाखाली ५०० मीटरहून खोल जीवाणू दाखवले, आणि २००२ मध्ये पेरूजवळ केवळ याच विषयासाठी पहिली खोदाई झाली. १९९८ मध्ये समुद्रतळाखाली एकूण ३५ पुढे २९ शून्ये एवढ्या पेशी असाव्यात असा अंदाज होता. त्यातले बहुतेक नमुने किनाऱ्याजवळच्या, अन्न मुबलक असलेल्या गाळातले होते. महासागराच्या मधल्या उपाशी भागांचे नमुने धरल्यावर २०१२ मध्ये तो सुमारे बाराव्या हिश्श्यावर आला.

त्याच वर्षी जपानजवळ शिमोकिता इथे चिक्यू जहाजाने २,४६६ मीटरपर्यंत खोदलं. तिथला कोळसा आपल्या उमरेड-चंद्रपूरच्या कोळशापुढे फार तरुण, सुमारे दोन कोटी वर्षांचा. त्यातल्या सूक्ष्मजीवांचं नातं जंगलाच्या मातीतल्या जीवांशी जुळलं. म्हणजे बुडालेल्या जंगलाबरोबर ते खाली गेले आणि टिकले. २०१६ मध्ये नानकाई खंदकात १,१८० मीटरवर, जवळपास १२० अंशांच्या गाळात काम झालं. नमुने हेलिकॉप्टरने किनाऱ्यावरच्या अतिस्वच्छ खोलीत नेले. पन्नास अंशांच्या आसपास पेशी झपाट्याने घटल्या, मधल्या काही थरांत काहीच मिळालं नाही, आणि तळाशी पुन्हा सापडल्या.

नागपूरला सर्वांत जवळचा धागा दगडाचा आहे. समुद्रतळाचा पाया आणि सेमिनरी हिल्सचा काळा दगड दोन्ही बेसॉल्टच, फक्त आपला सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेला लाव्हा. २०२० मध्ये दक्षिण पॅसिफिकच्या तळाखालच्या १०.४ कोटी वर्षांपर्यंतच्या बेसॉल्टचे राळेत बसवून पातळ काप काढले, तेव्हा केसाएवढ्या भेगांतल्या चिकणमातीत घनसेंटिमीटरमागे हजार कोटी पेशींची दाटी मिळाली. आपल्याकडे कोयना परिसरातल्या बोअरहोलमधून काढलेल्या दख्खनच्या बेसॉल्टच्या आणि त्याखालच्या ग्रॅनाइटच्या गाभ्यांतही जीवाणू-आर्कियांचा डीएनए मिळाला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये भारतीय संशोधकांनी हिंद महासागरात सुमारे ४,५०० मीटर खोलीवरच्या जिवंत उष्ण झऱ्याचं छायाचित्रही मिळवलं.