बोहाडा (नाशिक जिल्हा)

मुखवटे चढवून रात्रभर सोंगे नाचवण्याचा आदिवासी ग्रामोत्सव. नाशिक जिल्ह्यात तो मुख्यतः पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी आणि दिंडोरी या तालुक्यांत होतो. लगतच्या पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाडा हे त्याचे मोठे क्षेत्र. कोकणा, वारली, महादेव कोळी व ठाकर हे त्यात भाग घेणारे प्रमुख समाज. भवाडा, भोवाडा हे उच्चारभेद असून काही गावांत त्याला आखाडी म्हणतात. होळीनंतर पावसाळा लागेपर्यंत गावागणिक तो वेगवेगळ्या दिवशी येतो. शिक्षणासाठी वा कामासाठी गाव सोडलेल्या मुलांना परंपरेशी पुन्हा जोडून घेण्याचे साधन म्हणून तरुण आदिवासी कार्यकर्ते अलीकडे या उत्सवाकडे पाहतात.

उगम : याविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार लळित (उत्सवाच्या अखेरीस होणारा सोंगांचा खेळ), दशावतारी खेळ यांच्या प्रभावातून बोहाडा घडला. आरंभीची गणपती व शारदा यांची सोंगे, मत्स्य-कूर्मादी अवतार, रावण, इंद्रजित, त्राटिका, भीम, बकासुर ही पात्रे या मताचा आधार होत. दुसऱ्या मतानुसार मूळ विधी गावदेवीचा असून पुराणांतील पात्रे त्यावर मागाहून चढली. दशावतारात बहुतेक पात्रे चेहरा रंगवतात व संवाद म्हणतात. बोहाड्यातील सोंग मुखवट्याआडून सहसा बोलत नाही, ते फक्त नाचते. शिवाय वेताळ, खंडेराव यांसारखी लोकदैवते, नवस फेडण्यासाठी सोंग घेण्याची चाल आणि अखेरच्या पहाटे जगदंबेच्या हातून होणारा महिषासुराचा वध ही अंगे नाट्यापेक्षा पूजाविधीच्या जवळची आहेत. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. जव्हारच्या मुकणे राजघराण्याने बोहाड्याला आश्रय दिल्याचे परंपरा सांगते. त्या संस्थानाचा आरंभ साधारणतः १३४३ चा धरतात. तेवढ्यावरून उत्सवाचा काळ चौदाव्या शतकापर्यंत मागे नेणे मात्र धाडसाचे ठरेल.

मुखवटे व नाच : जुने मुखवटे लाकडाचे. पुढे कागदाच्या लगद्याचे हलके मुखवटे रूढ झाले; जव्हार तालुक्यातील रामखिंड त्यासाठी प्रसिद्ध आहे. डोक्याला फडके गुंडाळून त्यावर मुखवटा आवळून बांधतात. डोळ्यांची भोके बारीक असल्याने नाचणाऱ्याला समोरचे फारसे दिसत नाही. दोन्ही बाजूंचे टेंभे (मशाली) आणि पुढ्यात संबळ वाजवणारा यांच्या अंदाजाने तो पाऊल टाकतो. प्रत्येक सोंगाची चाल निराळी असते व संबळाचा ठेका तिच्याप्रमाणे बदलतो. जाणते लोक टेंभा दिसण्याआधीच ठेक्यावरून सोंग ओळखतात.

तरुणांचा सहभाग : अनेक गावांत सोंगाचा मान घराण्याकडे असतो, काही ठिकाणी त्याचा लिलाव होतो. बाप थकला की त्याचे सोंग मुलाकडे येते. मूल आधी टेंभेवाल्यांबरोबर फिरते, किरकोळ सोंगे घेते आणि चाल पायात बसल्यावर घरचा मुखवटा चढवते. हे शिक्षण गावात राहूनच होते, आणि खंड पडतो तो तिथेच. १९७२ नंतर विस्तारलेल्या आश्रमशाळांमुळे मुले वर्षाचा बराच काळ वसतिगृहात राहू लागली. पेठ-सुरगाण्यातील मजूर कुटुंबे द्राक्षकाढणीसाठी आणि नंतर एप्रिलच्या खरड छाटणीसाठी निफाड-दिंडोरीच्या बागांवर उतरतात. बोहाड्याचा हंगाम नेमका हाच; महाविद्यालयांच्या परीक्षाही याच सुमारास.

यावर तरुणांनी काढलेले उपाय साधे आहेत. तारीख लवकर ठरवून ती मोबाईलवरून कळवणे, वर्गणी गोळा करणे, म्हाताऱ्या संबळवाल्यांचे ठेके ध्वनिमुद्रित करून ठेवणे ही कामे आता त्यांच्याकडे आली आहेत. मुद्रणावरून ठेका पाठ होतो; टेंभ्याच्या उजेडात संबळवाल्याच्या इशाऱ्यावर वळणे मात्र प्रत्यक्ष नाचूनच येते. संयुक्त राष्ट्रांनी १९९४ मध्ये घोषित केलेल्या ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाला नाशिक शहरात मिरवणूक निघते व तारपा, पावरी या फुंकवाद्यांबरोबर सोंगेही क्वचित दिसतात. २०२३ साली या दिनाचा विषयच आदिवासी युवक हा होता. दिवसाउजेडी, काही मिनिटांत उरकणारे हे सादरीकरण बोहाडा म्हणता येणार नाही, पण शहरात वाढलेल्या मुलांना सोंगाची पहिली ओळख बहुधा तिथेच होते.

तरुणांमध्ये एक वादही आहे. रावण व महिषासुर यांना आदिवासींचे पूर्वज मानणारा प्रवाह रावणदहनाला विरोध करतो. त्या भूमिकेतून बोहाड्यातील वधाच्या प्रसंगांवरही प्रश्न उपस्थित होतात. गावातील मानकऱ्यांच्या लेखी रावणाचे सोंग हा मोठा मान आहे आणि ते नाचवणारा भक्तिभावानेच मुखवट्याची पूजा करतो. स्त्रीपात्रेही परंपरेने पुरुषच घेतात.