मयताच्या सामानाचे दुकान (मुंबई)

हिंदू अंत्यविधीचे साहित्य विकणारे, तिरडी बांधून देणारे आणि बहुधा शववाहिनीचीही सोय करणारे दुकान. पाटीवर 'अंत्यविधीचे साहित्य' असे लिहिलेले असते, बोलताना मात्र 'मयताचं सामान' किंवा 'मर्तिकाचं सामान'. मोठ्या रुग्णालयांच्या आसपास आणि चंदनवाडी, बाणगंगा, शिवाजी पार्क अशा स्मशानांच्या वाटेवर ही दुकाने आढळतात. धंदा शक्यतो घराण्यातच राहतो. बाहेरचा यात सहसा शिरत नाही, आणि घरातला मुलगाही रात्री दोनला पोटमाळ्यावरून उतरून शटर उघडायची सवय झाल्याशिवाय टिकत नाही.

'पूर्ण सेट' म्हणजे सात-आठ फुटांचे दोन बांबू, आडव्या काठ्या, सुंभ, गवत किंवा कडबा, पांढरे मांजरपाट, दोन मडकी, गोवऱ्या, तूप, कापूर, राळ, तीळ, दर्भ, तुळस, गुलाल, बुक्का, हार. सवाष्ण असेल तर हिरवे लुगडे, बांगड्या, हळदकुंकू आणि ओटीचे सामान वेगळे. जातीपातीनुसार, गावागावानुसार यात फरक पडतो. कोकणातल्या आणि घाटावरच्या घराची यादी एकच नसते, हे जुन्या दुकानदाराला आडनाव आणि गाव ऐकूनच कळते.

तिरडी बांधणे दिसते तितके सोपे नाही. दोन्ही बांबूंचे बुडखे डोक्याकडे ठेवतात, कारण वजन तिकडेच जास्त. मधले अंतर सुमारे दीड फूट. आडव्या काठ्या खांद्याखाली आणि कमरेखाली जवळजवळ, पायांकडे विरळ. सुंभ थोडा भिजवून घेतला की गाठ सरकत नाही. नायलॉनची दोरी गुळगुळीत, ती सैल पडते. त्यावर गवत, मग कापड, मग देह, वरून पुन्हा कापड, आणि छातीपासून पायांपर्यंत आडवीतिडवी दोरी. चेहरा उघडा. किडका बांबू खांद्यावर घेतल्यावरच बोलतो, म्हणून बांधणारा आधी त्याचे एक टोक जमिनीवर टेकवून मधोमध दाब देऊन बघतो.

आगीच्या मडक्याचा घोळ नेहमीचा. मडके गळ्यापर्यंत गोवऱ्यांनी भरले की शिंकाळ्याची दोरी जळते आणि मडके रस्त्यातच फुटते. म्हणून तळाला राख किंवा वाळू, त्यावर निखारे अर्ध्यापर्यंतच, आणि वर तारेचे आकडे. पाण्याचे मडके मात्र पातळच हवे. चितेभोवतीच्या प्रत्येक फेरीला अश्म्याने, म्हणजे विधीतल्या दगडाने, त्याला एक भोक पाडायचे असते; कडक भाजलेल्या मडक्याला भोक न पडता सरळ तडा जातो.

चाळीच्या काळात दुकानाचे काम सामान देण्यापुरतेच होते. बरीच दुकाने मुळात बांबूची. शिडी, सूप, चटई यांच्या शेजारीच तिरडीचे बांबू उभे असत. गिरगावात 'सोनापूरला नेलं' (म्हणजे तिथल्या स्मशानात) म्हटले की पुढचे विचारायची गरज नसे, आणि तिरडी चाळीतलाच माहीतगार बांधी. देह चादरीत घालून अरुंद लाकडी जिन्याने खाली आणायचा आणि अंगणात बांधायचा. पाहुणे गावाहून येईपर्यंत बर्फाच्या लाद्या आणि लाकडाचा भुसा. पुढे चाळी पडल्या, टॉवर आले, माहीतगार वारले. शेजाऱ्यांचे काम दुकानावर आले. त्या पिढीने बांधणारा माणूस पाठवायला सुरुवात केली, त्यापुढच्या पिढीने शववाहिनी आणि काचेची शीतपेटी घेतली. आज विकत मिळते ती तिरडी; सोबत दिले जाते ते 'आता काय करायचं' याचे उत्तर, आणि त्याचे बिल कोणी लावत नाही.

फोन आला की प्रश्न ठरलेले: डॉक्टरचा दाखला मिळाला? पुरुष की बाई? उंची? कितवा मजला, लिफ्ट केवढी? लाकूड की गॅस? पहिल्या प्रश्नावर सगळे अडते. मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला नसेल तर स्मशानात नोंद होत नाही. अपघात किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर आधी पोलीस आणि शवविच्छेदन. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते (१९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा). नावाचे स्पेलिंग आधार कार्डाशी जुळवून घ्या, असे दुकानदार तेव्हाच बजावतो, कारण नंतर बँकेत तेच छळते.

शेवटच्या प्रश्नावर सामान बदलते. लाकडाच्या चितेला सुमारे ३०० किलो लाकूड लागते. तूप, राळ तिथेच कामाची. विद्युत किंवा गॅस दाहिनीत नारळ फुटतो, म्हणून तो बाहेरच ठेवायचा. पेसमेकर असेल तर त्याआधी काढून घ्यावा लागतो, त्याची बॅटरी उष्णतेने फुटते.

२०२० च्या साथीत मृत्यू वाढले, पण हा धंदा उलट बसला. देह रुग्णालयातून पिशवीत बंद होऊन थेट दाहिनीकडे जाई. अंघोळ नाही, तिरडी नाही, मडके नाही.

दुकानाचे रिवाज न लिहिलेले. गिऱ्हाइकाला 'या' म्हणायचे नाही, निघताना 'पुन्हा या' तर नाहीच. घासाघीस बहुधा होत नाही. उरलेले सामान परत आणत नाहीत आणि घरीही नेत नाहीत, स्मशानातच राहते. अस्थींचे छोटे मडके आणि लाल फडके मात्र पहिल्या दिवशी देत नाहीत. ते न्यायला घरचे कोणीतरी तिसऱ्या दिवशी सकाळी वेगळे येते.