जर्मनची खेळपेटी घेतलीत, आता पहिल्या तासाआधी एवढं वाचा

नमस्कार सर, नमस्कार मॅडम, आणि ज्या पालकांनी घरी मुलांसाठी पेटी नेली आहे त्यांनाही नमस्कार.

आमचं काम छोटं आहे, बेळगावात एका छापखान्याच्या मागच्या खोलीत आम्ही ही पेटी बनवतो. आठवी ते दहावीच्या मुलांना जर्मन शिकवताना वापरायचे खेळ आणि कोडी एवढाच आमचा माल. पेटी विकत घेतल्यावर बरेच जण फोन करून विचारतात की हे नेमकं खेळायचं कसं, आणि कधी खेळायचं, शनिवारी शेवटच्या तासाला का? त्यांच्यासाठी हे पत्रक.

तर सगळ्यात आधी हेच, शनिवारच्या शेवटच्या तासाला ठेवू नका. पोर्शन संपला, मुलं कंटाळलीत, चला आता खेळूया असं केलं की मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं की खेळ म्हणजे सुट्टी आणि व्याकरण म्हणजे शिक्षा. आमची पेटी त्यासाठी नाहीच. प्रत्येक खेळाला एकच नियम आहे, झाकणाच्या आत मोठ्या अक्षरात छापलाय, तोंडातून जर्मन वाक्य आल्याशिवाय चाल नाही. पत्ता उचलायचा तर वाक्य, सोंगटी हलवायची तर वाक्य. हा नियम सोडला तर उरतात ते नुसते रंगीत पुठ्ठे.

तीन रंगांची गड्डी

जर्मनमध्ये प्रत्येक नामाला लिंग असतं, डेअर म्हणजे पुल्लिंग, डी स्त्रीलिंग, दास नपुंसकलिंग. इंग्रजीतून जर्मन शिकवलं की मुलं इथेच गडबडतात, कारण इंग्रजीत टेबलाला लिंग नाही. पण आपल्या मुलांना हे नवीन नाही हो! तो चमचा, ती वाटी, ते ताट, हे तिसरीतलं मूलही न चुकता बोलतं. तेव्हा पहिल्या दिवशी जर्मनचा एकही पत्ता काढू नका, आधी मराठीत पाच मिनिटं तो-ती-ते खेळा आणि मग सांगा की जर्मन माणूसही असंच करतो, फक्त त्याची वाटणी वेगळी आहे. जेवणाच्या टेबलावरच्या तीन वस्तू घ्या, चमचा डेअर ल्योफेल, काटा डी गाबेल, सुरी दास मेसर. एका ताटाशेजारी तिन्ही लिंगं. हे तीन पत्ते गड्डीत सगळ्यात वर ठेवलेत ते म्हणूनच.

निळी कड डेअर, लाल कड डी, हिरवी कड दास. पत्ता चित्राच्या बाजूने वर, कड झाकलेली, मुलाने आधी वाक्य म्हणायचं, दास इस्ट डेअर ल्योफेल, मग झाकण सरकवून रंग बघायचा, बरोबर असेल तर पत्ता त्याचा.

इथे आमची एक चूक सांगायलाच हवी. पहिल्या छपाईत सूर्याच्या पत्त्याला निळी कड गेली होती. आपला सूर्य ‘तो’, त्यामुळे प्रूफ बघताना कुणाच्या डोळ्याला खटकलंच नाही, पण जर्मनमध्ये सूर्य बाई आहे, डी झोने, आणि चंद्र पुरुष, डेअर मोंट. निपाणीकडच्या एका मॅडमनी फोन करून सांगितलं, आम्ही विकलेल्या सगळ्या पेट्यांना नवीन पत्ता पाठवला. तेव्हापासून प्रत्येक शब्द छापायला देण्याआधी ड्यूडेनमध्ये बघतो, म्हणजे तो जर्मनचा 1880 पासूनचा प्रमाण कोश, आणि दोघांनी वेगवेगळं बघायचं असा नियम केलाय. तुमच्या पेटीत सूर्याला निळी कड असेल तर ती जुनी पेटी, लगेच कळवा.

आणि मेडशेनचा पत्ता निघाला की वर्गात दंगा होतोच होतो. मेडशेन म्हणजे मुलगी आणि तिला दास! खानापूरच्या पुढच्या एका शाळेत आम्ही स्वतः बसलो होतो तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, सर, पोरगी हाय की ती, दास कशाला? तेवढ्यात त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली, आमच्या आजीकडे चेडू म्हणतात ना, ‘ता चेडू’. घरात कोकणी बोलणारी मुलगी, त्यांच्यात चेडू म्हणजे मुलगी आणि ‘ता’ म्हणजे आपलं ‘ते’. वर्ग गप्प झाला आणि मग सगळ्यांनाच लागलं सुचायला, ते पोरगं, ते लेकरू, ते वासरू, ते पिल्लू. अगदी बरोबर, कारण जर्मनमध्ये शब्दाला मागे ‘शेन’ लागलं की तो शब्द छोटा, लाडका होतो आणि सरळ दास होतो. हा नियम आम्ही पत्त्यामागे छापला असता तर कुणी वाचला नसता, तिथे तो मुलांनी आपला आपण काढला. तुमच्या वर्गात असं काही झालं तर कृपा करून मध्ये बोलू नका, होऊ द्या.

शेवटावरून लिंग कळणारे शब्द वेगळ्या पाकिटात आहेत, उंग, हाइट, काइट असे शेवट असलेले सगळे डी. त्साइटुंग म्हणजे वर्तमानपत्र, फ्रायहाइट म्हणजे स्वातंत्र्य. ते पाकीट नववीला काढा, आठवीला नको.

वर्गात कन्नड घरातली मुलं असतील, आपल्याकडे असतातच, तर त्यांना या खेळात थोडा जास्त वेळ द्या. कन्नडमध्ये माणसं सोडली तर बाकी वस्तू एका गटात जातात, टेबल ‘तो’ की ‘ती’ हा प्रश्नच त्यांना पडत नाही. त्यांना मराठी मुलांच्या जोडीला बसवा.

हाऊजी

गणपतीत, गल्लीच्या कार्यक्रमात हाऊजी खेळलेली नाहीत अशी मुलं सापडणार नाहीत, म्हणून नियम समजावण्यात वेळ जात नाही. फरक एवढाच की आकडा पुकारणारा शिक्षक नाही, मुलगा किंवा मुलगी, दर पाच आकड्यांनी बदलायचं.

जर्मन आकडे इंग्रजीवरून शिकवले तर मुलं रडकुंडीला येतात कारण पंचवीसला ते म्हणतात फ्यून्फ-उंट-त्स्वान्त्सिख, म्हणजे पाच आणि वीस. पण पंचवीस म्हणजे तरी काय, पंच आधी, वीस नंतर! बत्तीस, त्रेचाळीस, चौसष्ट, आपण रोज उलटं नाही, जर्मनसारखंच मोजतो. मुलांना सांगा की आकडा ऐकला की डोक्यात इंग्रजीत नेऊ नका, थेट मराठीत आणा. फक्त एकोणवाले आकडे धोक्याचे, एकोणतीसला आपण तिसातून एक कमी करतो आणि जर्मन सरळ नॉइन-उंट-त्स्वान्त्सिख, नऊ आणि वीस. म्हणून आमच्या तिकिटांवर 29, 39, 49 मुद्दाम जास्त वेळा येतात, छपाईची चूक नाही ती. आणि 13 नि 30 यांची गल्लत होते, द्रायत्सेन आणि द्रायसिख, हे सावकाश, दोनदा पुकारायला सांगा.

उच्चाराचं एक इथेच सांगून टाकतो. जर्मनचा त्स z अक्षराने लिहितात, तो बघून मुलं घाबरतात. त्यांना म्हणावं चाक म्हण, चमचा म्हण, आता तोच च घेऊन दहाचा आकडा म्हण, त्सेन. आपल्याकडे दोन च आहेत, चहातला आणि चाकातला, आणि चाकातला च म्हणजेच जर्मनचा त्स. हे पुण्या-मुंबईच्या पुस्तकातसुद्धा आम्हाला कुठे धड लिहिलेलं दिसलं नाही आणि मराठी मुलाला तर ते फुकट मिळालेलं आहे.

वाक्याची रांग

हा आमचा सगळ्यात आवडता खेळ आणि याला टेबल लागत नाही, व्हरांडा पुरतो. मोठ्या पुठ्ठ्यांवर एकेक शब्द आहे, एकेका मुलाने छातीशी धरायचा. इश, कोमे, हॉइटे, निश्ट, चौघं ओळीत उभे राहिले की झालं वाक्य, मी आज येत नाही. आता हॉइटेवाल्याला, म्हणजे ‘आज’ला, पुढे पहिल्या जागी पाठवा. बाकीच्यांनी हलायचं कसं ते त्यांनीच ठरवायचं. कोमे हे क्रियापद आहे आणि जर्मन साध्या वाक्यात क्रियापद दुसरी जागा सोडत नाही, त्यामुळे इशला उठून त्याच्या मागे जावं लागतं, हॉइटे कोमे इश निश्ट. कोमेचा पुठ्ठा ज्याच्या हातात त्याच्या पायाखाली खडूने गोल काढा, तो गोलातून बाहेर आला की तो आऊट.

हे जमलं की लाल पुठ्ठा काढा, त्यावर वाइल आहे, म्हणजे कारण. वाइल आला की क्रियापदाने धावत शेवटी जायचं. वाइल इश क्रांक बिन. आता हे मराठीत शब्दाला शब्द लावून बघा, वाइल कारण, इश मी, क्रांक आजारी, बिन आहे. कारण मी आजारी आहे! एक शब्द मागे-पुढे नाही. इथे कन्नडवालीही खूष होतात कारण त्यांचंही क्रियापद शेवटी. इंग्रजीवरून शिकणाऱ्याला जे सगळ्यात अवघड जातं ते आपल्या मुलांना घरचं वाटतं, आणि साधं वाक्य, ते दुसऱ्या जागेचं, तेच खरं अवघड, म्हणून सराव त्याचा जास्त घ्या.

शब्दांच्या सोंगट्या जोडा

डोमिनोसारखी लाकडी जोडणी, याच्या वड्या आम्ही गोकाकच्या कारागिरांकडून करून घेतो. हांट म्हणजे हात, शू म्हणजे बूट, जोडलं की हांटशू, हातमोजा. श्राङ्क म्हणजे कपाट, त्याच्या आधी क्यूल म्हणजे थंड, झाला फ्रिज. शिल्ट म्हणजे ढाल आणि क्र्योटे म्हणजे भेक, ढालवाला भेक म्हणजे कासव, हे एकदा हसून झालं की जन्मात विसरत नाही. लिंग शेवटच्या शब्दाचं, जसं आपलं देवघर, देव पुल्लिंगी असला तरी ‘ते’ देवघर, घरामुळे. वडीच्या डाव्या बाजूला कड नाही, उजव्या बाजूलाच आहे, ते यासाठी.

पट

पटाची गोष्ट मुलांना जरूर सांगा. आपली पचीसी इंग्लंडला जाऊन लुडो झाली, आणि जर्मनीत योझेफ फ्रीडरिश श्मिट यांनी त्याच कुळातला एक खेळ बनवला, 1914 च्या सुमारास तो विक्रीला आला, नाव मेन्श एर्गेरे डिश निश्ट, म्हणजे माणसा, चिडू नकोस. आजही जर्मन घराघरात तो असतो. आमचा पट आपल्या सारीपाटासारखा कापडी केलाय, गुंडाळून नेता येतो.

यात आम्ही प्रश्नांची घरं कमी ठेवली आहेत कारण आमचा अनुभव असा की मुलं सगळ्यात जास्त शिकतात ते प्रश्नांतून नाही, खेळताना जे भांडतात त्यातून. तुझा डाव, माझा डाव, फासा टाक, अरेरे, परत टाक, हीच वाक्यं एका तासात शंभरदा होतात. तीच जर्मनमध्ये करायची, डू बिस्ट द्रान, इश बिन द्रान, शाडे. यांची पट्टी प्रत्येक गटासमोर ठेवा आणि मराठीत भांडला की सोंगटी घरात.

पेटीशिवायचा एक

कागद-पेन पुरतं. नेम प्लेस ॲनिमल थिंग आपली मुलं खेळतातच, जर्मन मुलं तेच श्टाट लांट फ्लुस म्हणून खेळतात, शहर, देश, नदी. एकट्यालाच सुचलेलं उत्तर असेल तर 10, दोघांचं सारखं आलं तर 5. नदीच्या रकान्यात एल्बे, नेकार, डोनाऊ येऊ देत आणि म अक्षर आलं की मलप्रभा, मार्कंडेयसुद्धा चालेल असं आम्ही सांगतो, फक्त आर्टिकल, म्हणजे डेअर-डी-दास, लावून. परदेशी नदीचं नाव आ किंवा ए ने संपलं की जर्मनमध्ये ती बहुधा स्त्रीलिंगी, म्हणून डी मलप्रभा. कणकुंबीची नदी जर्मन वाक्यात आली की मुलांचे चेहरे बघा तुम्ही.

थोडं वर्गाबद्दल

चाळीस मिनिटांच्या तासात पंचवीस मिनिटंच खेळ, उरलेल्या वेळात जे बोलले ते वहीत. हे लिहिणं सोडू नका. खेळाने जीभ सुटते, कान तयार होतो, पण पत्र लिहायला, उतारा वाचून उत्तर द्यायला बसूनच शिकावं लागतं, आणि गोएथे इन्स्टिट्यूटची फिट इन डॉइच परीक्षा द्यायची असेल तर लेखनही असतं. पेटी घेतली म्हणजे पुस्तक बंद असं आम्ही कुणाला सांगत नाही.

गट सहाचा, त्याहून मोठा नको. साठ मुलांचा वर्ग असेल तर एका पेटीत भागत नाही, पण लगेच दुसरी घेऊ नका, अर्ध्या वर्गाला शब्दकोडी द्या आणि पंधरा मिनिटांनी बदला. कोड्यांत एक लक्षात ठेवा, जर्मन वर्तमानपत्रातल्या कोड्यात डोक्यावर दोन टिंबं असलेली अक्षरं सहसा टिंबं काढून, मागे e जोडून लिहितात, आम्ही तसं केलं नाही, टिंबं ठेवली आहेत. टिंबाने अर्थ बदलतो, द्रुकेन म्हणजे छापणं आणि टिंबं दिली की द्र्युकेन, दाबणं. छापखान्यात बसून हे पेटीत नाही घातलं तर कोण घालणार!

खेळ चालू असताना प्रत्येक चूक दुरुस्त करू नका. लिंगाचा खेळ असेल तर फक्त लिंग बघा, उच्चार सोडून द्या. बाकीच्या चुका हातातल्या चिठ्ठीवर टिपा आणि शेवटी नाव न घेता फळ्यावर काढा.

आपल्या पावसाबद्दल वेगळं सांगायला नको, जूनपासून पेटी भिंतीला टेकवून किंवा फरशीवर ठेवू नका, पुठ्ठे फुगतात आणि झाकण सरकत नाही. लाकडी कपाटात, वरच्या कप्प्यात. कापडी पट ओला झाला तर सावलीत वाळवा, उन्हात रंग उतरतो.

पत्ता हरवला तर एकेक पत्ता मिळतो, पूर्ण गड्डी घ्यायची गरज नाही. प्रत्येक पत्त्याच्या कोपऱ्यात बारीक आकडा आहे, तो आणि कडेचा रंग झाकणावरच्या नंबरवर कळवा, शाळेचं नाव कळवा, पुढच्या एसटीने नाहीतर पोस्टाने पाठवतो. सूर्याचा पत्ता असेल तर पैसे नाहीत.