पार्श्वभूमी : प्रोग्रामरची दहा बाय दहाची खोली

हिंजवडीतल्या कुठल्याही आयटी कंपनीच्या मजल्यावर दुपारी चार वाजता चक्कर मारा. कितीतरी जणांच्या डोक्यावर मोठाले हेडफोन दिसतील. त्यात गाणं चालू असेलच असं नाही. तो ‘आत्ता नको’ असा फलक असतो. शेजारच्या टीमचा कॉल, मागे चाललेली सपोर्टवाल्यांची धावपळ आणि ‘दोनच मिनिटं हं’ म्हणत खांद्यावर पडणारा हात, या सगळ्यांपासून आडोसा हवा म्हणून ज्याने त्याने पदरमोड करून घेतलेली ही भिंत आहे. गंमत अशी, की एका कंपनीने ही भिंत एकदा खरोखर बांधली होती, तीही प्रोग्रामर दिवसभर नेमकं काय करतात हे आधी नीट बघून.

त्याआधी सोय बघितली जायची ती मशीनची. कॉम्प्युटर महाग होता, माणूस त्या मानाने स्वस्त. प्रोग्रामरने पंचकार्डांचा (भोकं पाडून प्रोग्राम नोंदवलेल्या कार्डांचा) गठ्ठा खिडकीतून ऑपरेटरकडे द्यायचा आणि उत्तर येईपर्यंत वाट बघायची. आपल्याकडे हा काळ जरा जास्तच लांबला. वातानुकूलित खोली कॉम्प्युटरची, आणि माणसं चपला बाहेर काढून आत जाणारी. अशा ठिकाणी ‘कामाचं चांगलं वातावरण’ म्हणजे मशीनवर वेळ मिळणं, मग तो रात्री दोनचा का असेना.

सत्तरच्या दशकात अमेरिकेत हे गणित फिरलं. सॉफ्टवेअरचा खर्च म्हणजे मुख्यतः माणसांचा खर्च, हे आयबीएमच्या लक्षात आलं होतं. कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या दक्षिणेला सुमारे दोन हजार लोकांसाठी नवी प्रयोगशाळा बांधायचं ठरलं, तेव्हा वास्तुविशारद जेराल्ड मॅक्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आराखड्याआधी प्रोग्रामरांच्या कामाचा अभ्यास केला. त्यातून निघालेला हिशोब आजही विचार करायला लावणारा आहे : साधारण ३० टक्के वेळ माणूस एकटा काम करतो, ५० टक्के वेळ आणखी एकाबरोबर, आणि तीन किंवा जास्त माणसांचा घोळका जमतो तो जेमतेम २० टक्के वेळ. म्हणजे सोय करायची ती मुख्यतः एकट्याची आणि दुकट्याची.

त्यावरून किमान गरज ठरली. माणशी १०० चौरस फूट जागा, त्यात ३० चौरस फूट टेबल, आणि आवाज अडवायला बंद खोली, नाहीतर निदान सहा फुटी आडभिंत. दहा बाय दहा म्हटलं की आपल्याला चाळीतली खोली आठवते, तीत अख्खा संसार मावायचा! पण इथे टेबलाचं माप बघण्यासारखं आहे. त्या काळी प्रोग्रामचे छापील कागद घड्याच्या घड्या पसरून वाचावे लागत. फर्निचरवाल्याच्या कॅटलॉगमधून टेबल निवडण्याऐवजी आधी कामाचा पसारा मोजला गेला होता.

ही सांता टेरेसा प्रयोगशाळा १९७७मध्ये सुरू झाली. तिचं नाव आधी ‘कायोटी’ ठरलं होतं. पण त्याच नावाची, वेश्यांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत गाजत होती, म्हणून घाईने ते बदललं गेलं. पुढच्या वर्षी मॅक्यूंनी या इमारतीमागचा विचार आयबीएमच्या नियतकालिकात मांडला. डीबी-टू हा प्रसिद्ध डेटाबेस पुढे इथेच घडला.

बाकीच्या जगात तेव्हा वेगळंच चाललं होतं. हर्मन मिलर या फर्निचर कंपनीत रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी १९६८मध्ये हलवता येणाऱ्या आडभिंतींची नवी रचना आणली. माणसाला थोडा आडोसा मिळावा, गरजेप्रमाणे जागा बदलता यावी, हा त्यांचा हेतू. पण भिंत बांधली तर ती इमारतीच्या खात्यात जाते. फर्निचरचा घसारा, म्हणजे करातली वजावट, अमेरिकेत त्यापेक्षा लवकर मिळायचा. शिवाय त्याच जागेत माणसंही जास्त बसायची. कंपन्यांनी प्रॉप्स्टचे मोकळे कोन काटकोनात दाबून चौकोनी खुराडी केली आणि क्यूबिकल जन्माला आलं. त्याचं पुढे काय झालं ते बघून प्रॉप्स्ट स्वतःच हळहळले.

या खुराड्यांची किंमत कामात किती मोजावी लागते, हे तपासायचा सगळ्यात गाजलेला प्रयत्न टॉम डीमार्को आणि टिमोथी लिस्टर यांचा. १९८४ ते १९८६ या काळात त्यांनी ९२ कंपन्यांतल्या सहाशेहून जास्त प्रोग्रामरांची स्पर्धा घेतली. प्रत्येकाने आपापल्या जागी बसून, रोजच्याच गोंगाटात, तेच काम करायचं. एका कंपनीतून दोघांची जोडी यायची, पण त्या दोघांनी एकत्र काम करायचं नाही. निकालात अनुभवाची वर्षं आणि पगार यांचा कामाच्या वेगाशी फारसा मेळ दिसला नाही. जोडीतल्या दोघांचे निकाल मात्र एकमेकांच्या जवळ होते. म्हणजे माणसाइतकीच कंपनीही मोजली जात होती.

स्पर्धेच्या निकालात वरच्या चौथाई लोकांना सरासरी ७८ चौरस फूट जागा होती, खालच्या चौथाईला ४६. जागा पुरेशी शांत आहे असं वरच्यांपैकी ५७ टक्के म्हणाले, खालच्यांपैकी २९. विनाकारण व्यत्यय येतो, अशी तक्रार वरच्यांत ३८ टक्क्यांची, तर खालच्यांत ७६ टक्क्यांची. चांगल्या जागेमुळे माणसं चांगलं काम करतात, की चांगली माणसंच चांगल्या जागी जातात, हे या आकड्यांवरून ठरत नाही आणि त्या दोघांनी तसा दावा केलाही नाही. १९८७च्या ‘पीपलवेअर’ या पुस्तकात हे सगळं आलं. मॅनेजर मंडळींनी ते वाचलं, वाखाणलं, आणि क्यूबिकल तिथेच राहिलं.

पुढचा धक्का प्रोग्रामरांच्याच बाजूने बसला. १९९६च्या सुमारास क्रायस्लरच्या पगारपत्रकाच्या प्रकल्पावर केंट बेक यांनी सगळी टीम एका खोलीत, जोड्याजोड्यांनी एका कीबोर्डवर बसवली. २००१च्या फेब्रुवारीत युटातल्या स्नोबर्ड इथे १७ जणांनी अजाइल या सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीचा जाहीरनामा लिहिला; त्यामागच्या तत्त्वांत समोरासमोरच्या बोलण्याला मोठा मान आहे. पण ही खोली एका टीमची होती, आठ-दहा जण एकाच गोष्टीवर बोलणारे. इमारती सांभाळणाऱ्या खात्यांनी त्यातला ‘भिंती नकोत’ एवढाच भाग उचलला आणि दोनशे माणसांचा हॉल केला, असं माझं मत. २०१५मध्ये मेन्लो पार्कला फेसबुकने सुमारे २८०० लोकांसाठी एकच अवाढव्य दालन उघडलं. मग २०१८मध्ये हार्वर्डच्या ईथन बर्नस्टीन यांनी स्टीफन टर्बन यांच्यासह दोन मोठ्या कंपन्यांत, भिंती काढण्याआधी आणि नंतर, लोकांच्या अंगावर सेन्सर लावून मोजणी केली. समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं होतं. ईमेल वाढले होते.

पुण्यात हा वाद फारसा झालाच नाही. देशातल्या पहिल्या तीन सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कपैकी एक इथलं, १९९०चं. आणि धंदा वाढला तो माणशी बिलिंगवर. सीट म्हणजे महसूल. क्लायंटसाठी राखलेल्या मजल्यावर, कार्ड दाखवून शिरायच्या ओडीसीत (ऑफशोअर डेव्हलपमेंट सेंटरमध्ये), रांगेने टेबलं लागली. एकाग्रतेचे तास कुणी मोजले नाहीत, कारण क्लायंट पैसे मोजायचा ते हजेरीच्या तासांचे.

घरून कामाची गोष्टही सांता टेरेसापाशीच जाते. १९७९मध्ये तिथल्या मेनफ्रेमवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक मोठ्या कॉम्प्युटरवर, गर्दी होऊ लागली, म्हणून पाच कर्मचाऱ्यांच्या घरी त्याला जोडलेले टर्मिनल बसवले गेले. तीस वर्षांनी आयबीएमचे सुमारे ४० टक्के लोक ऑफिसच्या बाहेरून काम करत होते आणि कंपनीने बऱ्याच जागा विकून टाकल्या होत्या. २०१७मध्ये त्याच कंपनीने अनेक विभागांतल्या लोकांना परत बोलावलं. तीन वर्षांनी कोविडने सगळ्यांनाच घरी धाडलं : टू बीएचकेत एका खोलीत नवऱ्याचा स्टँडअप (टीमची रोजची छोटी मीटिंग), दुसरीत मुलांची ऑनलाइन शाळा, आणि बायकोचा रिलीजचा कॉल स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या मोजत.

आता पुन्हा ऑफिस. मधल्या काळात कित्येक कंपन्यांनी मजले सोडून दिले, त्यामुळे माणसांपेक्षा टेबलं कमी आहेत. सीट ॲपवर बुक करायची आणि संध्याकाळी उठताना ड्रॉवरसुद्धा रिकामा करायचा. हेडफोन तेवढे घरून आणायचे.