उणे चिन्ह आत की बाहेर?

समीकरणात एक उणे चिन्ह घातलं की आलेख उलटतो, हे शाळेतून बाहेर पडताना बहुतेकांच्या लक्षात राहिलेलं असतं. कुठल्या अंगाने उलटतो, ते मात्र विसरलेलं असतं.

य = √क्ष घ्या. आलेख आरंभबिंदूपासून निघून उजवीकडे सावकाश चढतो. क्ष ९ असताना उंची ३. आता चिन्ह बाहेर लावू : य = −√क्ष. मूळ आधी निघालं, चिन्ह त्यानंतर लागलं. जागा तीच, फक्त ३ ची उंची −३ ची खोली झाली. तळ्याकाठच्या झाडाचं पाण्यात दिसतं तसं हे प्रतिबिंब; पाण्याची पातळी म्हणजे क्ष-अक्ष.

चिन्ह आत घातलं, य = √(−क्ष), की हमखास आक्षेप येतो : ऋण संख्येला वर्गमूळ कुठलं? पण −क्ष ऋणच असतं, असं कुणी सांगितलं? क्ष −९ असेल तर −क्ष होतं ९, आणि उंची पुन्हा ३. आधी उजवीकडे ९ पाशी मिळणारी उंची आता डावीकडे −९ पाशी मिळते. या वेळी आरसा उभा आहे, य-अक्षावर.

खरा सापळा पुढे आहे. य = √(क्ष − ४) हा आलेख ४ पासून सुरू होतो. त्याचं य-अक्षातलं प्रतिबिंब विचारलं की घाईघाईत √(४ − क्ष) लिहिलं जातं. तो आलेख डावीकडे वळतो खरा, पण सुरू होतो ४ पासूनच; म्हणजे आरसा क्ष = ४ या रेषेवर जाऊन बसला! बरोबर उत्तर √(−क्ष − ४), सुरुवात −४ पासून. उणे चिन्ह क्षला लावायचं, अख्ख्या कंसाला नाही.

काही आलेखांना उभ्या आरशाने फरकच पडत नाही. क्ष² त्यातलाच. क्ष³ चं वेगळंच : आरसा आडवा धरा वा उभा, प्रतिबिंब एकच, −क्ष³. म्हणून दोन्ही आरसे एकापाठोपाठ वापरले की तो होता तसा परत येतो. घातांक सम की विषम यावरून पडलेली सम फल (क्ष² सारखी) आणि विषम फल (क्ष³ सारखी) ही नावं गणितज्ञ ऑयलरच्या १७४८ मधल्या लेखनातही आहेत.

हे कानांनीही तपासता येतं. ध्वनीचा आलेख काळाच्या अक्षावर काढतात. तो उभ्या आरशात पालटला की ध्वनिमुद्रण उलटं वाजतं, शब्द ओळखू येत नाहीत. आडव्या आरशात पालटला तर कानाला जवळपास काहीच कळत नाही. मात्र मूळ ध्वनी आणि हे प्रतिबिंब एकाच वेळी कानाशी पोचले तर प्रत्येक क्षणी बेरीज शून्य, आणि उरते शांतता. गोंगाट दाबणारे हेडफोन हेच साधायची धडपड करतात, आणि विमानाच्या इंजिनासारख्या एकसुरी घरघरीवर त्यांचं सर्वांत चांगलं चालतं.