जुन्या पीसीचं दुखणं बहुतेक वेळा डिस्कमध्ये असतं

मार्चअखेर जवळ आली की नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या छोट्या वर्कशॉपच्या केबिनमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते: पीसी सुरू केला, चहा आला, चहा संपला, तरी हिशेबाचं टॅली उघडायचं नाव नाही. मशीन साधारण २०१२चं. आय-थ्री प्रोसेसर, एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. मालक ते भंगारात काढायच्या बेतात असतो.

त्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, वीस-तीस टक्क्यांवर रेंगाळतोय आणि डिस्क १०० टक्क्यांना चिकटून बसली आहे, असं दिसलं तर प्रोसेसरला दोष देऊ नका. तो रिकामा बसलाय, डिस्ककडून डेटा यायची वाट बघत.

हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. वाचणारं हेड योग्य ट्रॅकवर सरकायला साधारण आठ-नऊ मिलिसेकंद घेतं. त्यानंतर हवा तो भाग फिरत हेडखाली यावा लागतो. कालिकेच्या यात्रेतल्या रहाटपाळण्यात आपला पाळणा खाली येईपर्यंत उभं राहावं लागतं, तसंच. सरासरी अर्धा फेरा, म्हणजे आणखी चार मिलिसेकंद. सगळं मिळून सेकंदाला जेमतेम ८० वाचनं होतात. विंडोज सुरू होताना डिस्कभर विखुरलेले असंख्य छोटे तुकडे लागतात. तुकडा ४ केबीचा धरला तर सेकंदाला ३२० केबी! जाहिरातीतला शंभर-दीडशे एमबीचा वेग सलग मोठी फाइल वाचतानाचा असतो.

एसएसडी म्हणजे चिपवर माहिती ठेवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काही नाही. माहिती विद्युतभाराच्या रूपात चिपमध्ये असते आणि ती साधारण एक दशांश मिलिसेकंदात हाती येते. म्हणून पहिला खर्च एसएसडीवर.

इथे दुकानात एक शंका हमखास निघते. एच-६१ चे साटा पोर्ट (डिस्कची केबल लागते ते) ३ गिगाबिटचे, म्हणजे सेकंदाला फार तर ३०० एमबीचे. मग ५५० एमबीची एसएसडी लावून पैसे वाया नाही का जाणार? नाही. मोठी फाइल कॉपी करताना वेग निम्मा होईल, हे खरं. पण ४ केबीचे तुकडे एकामागून एक वाचताना चांगली साटा एसएसडीसुद्धा तीस-चाळीस एमबीच्या आसपासच असते. पोर्टची मर्यादा तिथे आडवी येतच नाही. तेव्हा साधी अडीच इंची साटा एसएसडी घ्या. एनव्हीएमई, म्हणजे थेट बोर्डावर बसणाऱ्या जास्त वेगवान एसएसडीच्या मोहात पडू नका: या बोर्डांवर तिची जागा नसते, आणि कार्ड लावून बसवली तरी इतकं जुनं बायोस (पीसी सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) सहसा तिच्यावरून बूट होत नाही. विंडोज टाकण्याआधी बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआय आहे ना, तेवढं बघा. नंतर बदललात तर निळा स्क्रीन समोर येऊ शकतो.

रॅम डीडीआर-३च लागेल. डीडीआर-४ ची खाच वेगळ्या जागी असल्याने ती बसतच नाही. हा बोर्ड १६ जीबीपर्यंत रॅम घेतो, पण हिशेबाच्या कामाला ८ पुरे. मात्र विंडोज ३२-बिट असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम नुसती शोभेला.

जुनी हार्ड डिस्क फेकू नका. डिस्क स्वतःच्या तब्येतीचा ठेवते त्या स्मार्ट अहवालात रीअ‍ॅलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर (बिघडलेले आणि संशयित भाग) शून्य असतील तर यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपला वापरा. हार्ड डिस्क मरायच्या आधी बरेचदा कुरकुरते. एसएसडी मात्र पुष्कळदा काही न सांगताच बंद पडते. वीज अचानक गेली तर तिचंही नुकसान होऊ शकतं, म्हणून यूपीएसची मेलेली बॅटरी याच खर्चात बदलून घ्या.

एक अडचण मात्र डिस्क बदलून सुटत नाही. विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ या प्रोसेसरला अधिकृतपणे घेत नाही. घरचं मशीन असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाकून निवांत वापरा. बँक आणि जीएसटीचं काम ज्यावर चालतं, त्या मशीनसाठी मी एसएसडी घेईन ती पुढच्या पीसीत काढून लावता येईल अशीच, आणि डीडीआर-३ रॅमवर कमीत कमी पैसे घालीन.